३५ हजारांचा डिप्लोमा आणि फुकटातली फिर्याद

«ताई, मी विट्याजवळच्या एका गावात राहते. समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले. सध्या एका ई-सेवा केंद्रात फॉर्म भरायचं काम करते. मला क्रिमिनॉलॉजी शिकायची आहे. मोबाइलवर खुनांच्या केसेस ऐकता ऐकता वेड लागलं, खोटं कशाला बोलू. एका संस्थेची जाहिरात पाहिली : सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा, ३५ हजार रुपये. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, यानंतर सीबीआयचे दरवाजे उघडतात. आई म्हणते, माझ्या बांगड्या मोडू. माझं शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजी वाचता येतं पण दहा ओळींत दमायला होतं. लॅपटॉप नाही. हे ऑनलाइन कुठे शिकता येईल? आणि शिकून पुढे काय?»

आईला आधी सांग, बांगड्या मोडायच्या नाहीत.

फोनवरच्या त्या मॅडमचं वाक्य तपासून बघू. सीबीआयमध्ये सब-इन्स्पेक्टर व्हायचं तर कर्मचारी निवड आयोगाची पदवीधरांसाठीची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे फौजदार व्हायचं तर एमपीएससी. दोन्हीकडे कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि ती तुझ्याकडे आहे. वय, मैदानी चाचणी, लेखी परीक्षा या सगळ्यात सहा महिन्यांच्या खासगी डिप्लोम्याला शून्य गुण आहेत. म्हणजे तो दरवाजा मॅडमना उघडता येत नाही, आणि जो उघडता येतो त्याला कुलूपच नाही.

दुसरी एक गल्लत इथेच सोडवू, कारण जाहिराती ती मुद्दाम करतात. क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक या वेगळ्या गोष्टी आहेत. रक्ताचे डाग, डीएनए, विषाची तपासणी हे फॉरेन्सिक. त्यासाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत माणसं लागतात आणि ती विज्ञान शाखेची लागतात. तू बी.ए. आहेस, ती वाट तुझी नाही. गुन्हा कशाला म्हणायचं, तो कोण करतं, कोणावर होतो, पोलीस-कोर्ट-तुरुंग ही साखळी प्रत्यक्षात कशी चालते, शिक्षेने काय साधतं, हे सगळं क्रिमिनॉलॉजीत येतं. मराठीत कोणी गुन्हेशास्त्र म्हणतं, कोणी गुन्हेगारीशास्त्र. समाजशास्त्रवालीला हे घरचंच.

मी या विषयात शिरले ती तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांबरोबर, म्हणजे निकाल लागायचा आहे अशांबरोबर, काम करता करता. तेव्हा मोबाइलवर काही नव्हतं. कायद्याचं पुस्तक वकिलांकडून उसनं आणायचं आणि आकडेवारीसाठी मुंबईला जाऊन वाचनालयात बसायचं. आज तोच माल तुझ्या खिशात फुकट आहे, आणि त्यातला सगळ्यात कच्चा, सगळ्यात कामाचा माल मराठीत आहे. म्हणून बहुतेक प्राध्यापक सांगतील त्याच्या उलट सांगते. सिद्धांत नंतर. आधी पन्नास फिर्यादी वाच.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर पाहता येतात. तारीख निवडायची, जिल्हा निवडायचा, पोलीस ठाणं निवडायचं. पोलिसांना ही उपरती आपोआप झालेली नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा; लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळायची. ती वगळणूक ध्यानात ठेव, म्हणजे असे गुन्हे तुला तिथे दिसणार नाहीत.

उघडलास की पहिल्यांदा निराश होशील. खून नसेल. मोटारसायकल चोरी असेल, शेतातली मोटर चोरीला गेली असेल, बांधावरून हाणामारी झाली असेल. आणि ढिगाने सापडतील दोन कलमं : दारूबंदी कायद्याचं ६५ (ई) आणि जुगार प्रतिबंधक कायद्याचं १२ (अ). यांत फिर्यादी कोण आहे ते बघ. पोलीस शिपाईच, सरकारतर्फे. म्हणजे गावात मटका किती चालतो हे त्या आकड्यावरून कळत नाही. पोलिसांनी किती धाडी घातल्या ते कळतं. जिल्ह्यात नवा साहेब आला आणि त्याने मोहीम काढली की 'गुन्हे' वाढतात. हे तुला कुठल्याही कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवणार नाहीत, आणि ते तुला दहा फिर्यादींत दिसेल.

आता मोटारसायकलची फिर्याद घे. भाषा साधारण अशी असते : 'मी माझी गाडी हँडल लॉक करून घरासमोर लावली होती. सकाळी पाहिले असता ती दिसून आली नाही. आजूबाजूस शोध घेतला, मिळून आली नाही. तरी कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीवाचून, लबाडीच्या इराद्याने, स्वतःच्या फायद्याकरिता चोरून नेली आहे.' तुझ्या काकाची गाडी गेली तर तो ठाण्यात 'लबाडीच्या इराद्याने' म्हणेल का? तो शिव्या देईल. ते शब्द ठाणे अंमलदाराचे आहेत, आणि अंमलदाराने ते कायद्यातून उचलले आहेत. चोरीच्या व्याख्येत लबाडीचा हेतू लागतो, संमती नसावी लागते, वस्तू कोणाच्या तरी ताब्यातून हलवलेली लागते. ती सगळी मापं भरावीत म्हणून वाक्य तसं कापून शिवलेलं असतं. घडलेली गोष्ट आणि नोंदलेला गुन्हा यांच्या मध्ये एक पेन असतो. त्या पेनाकडे बघायला शिकलीस की तू अभ्यासाला लागलीस.

फॉर्ममधले रकानेही वाच, नुसता मजकूर नको. घटना कधी घडली आणि खबर कधी मिळाली, ठाण्यापासून ठिकाण कोणत्या दिशेला किती अंतरावर, आणि माझा लाडका रकाना, तक्रार द्यायला उशीर का झाला. घरातल्या मारहाणीच्या फिर्यादींत हा रकाना काय सांगतो ते पन्नास वाचल्यावर मला लिही. एक वही कर. घटना, खबर, मधला वेळ, फिर्यादीचा आणि आरोपीचा संबंध, कलम, गेलेल्या मालाची किंमत. बस्स. नावं वहीत उतरवायची नाहीत. ती खरी माणसं आहेत, कदाचित तुझ्या ओळखीतलीच निघतील. कोणाचा एफआयआर गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलास तर माझ्याशी बोलू नकोस.

कलमांचा घोळ होईल. १ जुलै २०२४पासून १८६०चा भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. त्याआधीचे गुन्हे मात्र जुन्याच कलमांनी चालू आहेत, त्यामुळे येती दहा वर्षं तरी दोन्ही भाषा याव्या लागतील. गावच्या भांडणाची ठरलेली तिकडी ३२३, ५०४, ५०६ होती. ती आता ११५ (२), ३५२ आणि ३५१ झाली. चारसोबीसचं ३१८ (४) झालं, पण बोलण्यातला चारसोबीस काही जायचा नाही. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोचं 'संकलन' नावाचं मोबाइल अॅप आहे, त्यात जुनं कलम आणि नवं कलम शेजारी शेजारी दिसतं आणि नेट नसलं तरी चालतं. केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर कायद्यांचा मूळ मजकूर आहे. कायद्याच्या इंग्रजी शब्दाला मराठी शब्द हवा असेल तर शासनाच्या परिभाषा कोशांतला 'न्यायव्यवहार कोश' ऑनलाइन शोधता येतो. गाइड विकत घ्यायची गरज नाही.

वहीतली पन्नास प्रकरणं मग पुढे कोर्टात न्यायची. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर खटला शोधताना एफआयआर क्रमांक, वर्ष आणि पोलीस ठाणं एवढ्यावर शोधता येतं. चालू वर्षाच्या फिर्यादीचं तिथे फारसं काही नसेल, म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वीचे क्रमांक टाकून बघ. दोषारोपपत्र कधी आलं, तारखा किती पडल्या, कशासाठी पडल्या, हे ओळीने दिसतं. साक्षीदार हजर नाही, न्यायाधीश रजेवर, आरोपी गैरहजर, वॉरंट. कंटाळवाणं आहे. तोच कंटाळा आरोपी आणि फिर्यादी दोघंही वर्षानुवर्षं भोगत असतात. तालुक्याच्या कोर्टातली पुष्कळ निकालपत्रं मराठीत असतात. त्यांत 'पंच फितूर झाले', 'तपासी अंमलदारांची साक्ष वगळता स्वतंत्र पुरावा नाही', 'संशयाचा फायदा' हे शब्द किती वेळा येतात ते मोज. वरच्या कोर्टांसाठी इंडियन कानून हे संकेतस्थळ २००८पासून फुकट चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल ई-एससीआरवर मिळतात, त्यांतल्या काहींची मराठी भाषांतरंही आहेत. भाषांतर मधूनमधून अडखळतं, म्हणून मूळ इंग्रजी शेजारी उघडून ठेव. तुझं इंग्रजी सुधारायचा याहून स्वस्त क्लास मला माहीत नाही.

इथवर यायला तीन-चार महिने जातील. मग राष्ट्रीय आकडेवारी उघड. आधी नको, कारण मोठा आकडा समोर आला की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो.

नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोचा 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३पासूनचा आहे, आणि गेल्या अनेक वर्षांचे खंड त्यांच्या संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. राज्यापुरतं बघायचं तर पुण्याचं राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं कार्यालय 'क्राइम इन महाराष्ट्र' काढतं. तक्त्यांवर उडी मारू नकोस. सुरुवातीची आकडे मोजायच्या पद्धतीची पानं वाच, जी बातमी लिहिणारे वाचत नाहीत. तिथे लिहिलेलं असतं की एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतात. बलात्कार करून खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात जातो, बलात्काराच्या नाही. तिथेच असंही बजावलेलं असतं की गुन्हे वाढले आणि गुन्ह्यांची नोंद वाढली या दोन गोष्टी एक समजू नका. एखाद्या राज्याने ठाण्यात तक्रार घेणं सोपं केलं तर त्याचा आकडा फुगणार, आणि दारातूनच परत पाठवणारं राज्य कागदावर शांत दिसणार. दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येतो अशा गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घेतलाच पाहिजे, असं ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी २०१३ साली सांगितलं. सांगावं लागलं यातच सगळं आलं.

मग न नोंदलेलं कुठे सापडतं? पोलिसांकडे नाही, दुसऱ्याच दारात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. ही आरोग्याची पाहणी, बाळंतपण आणि लसींसाठी केलेली. पण त्यात बायकांना एकांतात नेऊन मारहाणीबद्दलही विचारतात. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९ टक्क्यांच्या आसपास बायकांनी सांगितलं की नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाली आहे. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडेही मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. कोणाकडेही म्हणजे माहेरी, शेजारी, मैत्रिणीकडे धरून. पोलीस त्यात कुठेतरी तळाला. आता हे आकडे एका बाजूला ठेव आणि नवऱ्याच्या छळाचे नोंदलेले गुन्हे दुसऱ्या बाजूला. मधली जी दरी दिसेल तिच्यावर जगभरच्या क्रिमिनॉलॉजीचं निम्मं डोकं खर्च झालंय. आणि तुझ्या वहीतला तो उशिराचा रकाना त्या दरीच्या काठावरचा आहे.

तुरुंगांचा अहवाल वेगळा निघतो, 'प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया'. २०२२ साली देशात ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारातले तीन जण ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. हा आकडा ३१ डिसेंबर या एका दिवसाचा आहे, तेही लक्षात घे. वर्षभरात आत येऊन बाहेर गेलेले त्याच्या कितीतरी पट असतात. महिनाभर राहून गेला तो या आकड्यात सापडण्याची शक्यता कमी, पण त्याची नोकरी तर तेवढ्यातच गेली.

माझ्या आठवणीतला एक सांगते. मोबाइल चोरीचा आरोप, वय २०, उस्मानाबादकडचा, मुंबईत बिगारी काम करणारा. त्याला जामीन मंजूर झाला होता. तरीही तो पाच महिने आत होता. जामीनदार हवा होता, आणि जामीनदाराचा सातबारा किंवा पगाराची चिठ्ठी. गावी वडिलांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, ते दुसऱ्याच्या शेतात सालगडी. आम्ही गावच्या पोलीस पाटलाकडून कागद जमवेपर्यंत एवढा वेळ गेला. मोबाइलची किंमत फिर्यादीत सहा हजार होती. पुढे मी तो ७५ टक्क्यांचा आकडा कुठेही वाचला की मला त्यात हा मुलगा दिसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ कलम वाच : पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला कच्चा कैदी, काही अपवाद सोडून, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की सुटायला हवा. मग तुझ्या जिल्ह्यात असे किती सुटले याची माहिती, माहिती अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तुझ्या केंद्रात हे अर्ज रोज भरत असशील.

'इंडिया जस्टिस रिपोर्ट'ही बघून ठेव. पोलीस, तुरुंग, न्यायालयं आणि कायदेशीर मदत या चार खांबांवर राज्यांना गुण देतात. २०१९ आणि २०२०च्या अहवालांत मोठ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, नंतरच्या दोन्हींत कर्नाटक. क्रमांकापेक्षा त्यातल्या रिकाम्या जागांचे आकडे वाच.

आता सिद्धांत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'ई-पीजी पाठशाला'त क्रिमिनॉलॉजी हा पदव्युत्तर पातळीचा पूर्ण विषय आहे, प्रत्येक धड्याचा मजकूर आणि बरेचदा व्हिडिओसुद्धा. संकेतस्थळ जुनाट आहे, कधी कधी बंद असतं, पण मजकूर चांगला. इग्नूच्या 'ई-ज्ञानकोश'वर त्यांची पुस्तकं पाठांनुसार मिळतात आणि त्यांची भाषा पाठशालेपेक्षा सोपी, म्हणून तिथून सुरू कर. केंद्र सरकारच्या 'स्वयम' या संकेतस्थळावर दर सत्राला वेगवेगळे कोर्स येतात-जातात. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत. तिथे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत शोध घेतलास तर मराठीतून लिहिलेले प्रबंधही सापडतील. दर्जा खालीवर आहे, अगदी खालीसुद्धा. संदर्भसूचीपुरते वापर.

वाचताना इटलीचा लोंब्रोझो लवकरच भेटेल. १८७६ साली त्याने मांडलं की काही माणसं जन्मजात गुन्हेगार असतात, त्यांचे जबडे आणि कपाळं मोजून ओळखता येतात. पाठ्यपुस्तक त्याला खोडून पुढे जातं. तू मात्र थांब. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ साली, इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमाती कायदा केला होता. अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार. पुढे मुंबई इलाख्यातही तो आला. या जमातींना डांबून ठेवायच्या सोलापूरच्या सेटलमेंटचं, म्हणजे वसाहतीचं, तारेचं कुंपण, हजेरी, पास घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही. पारधी, कैकाडी, भामटा. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला आणि त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण १९५९ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि तुझ्या तालुक्यात कुठे दरोडा पडला की पहिली गाडी कुठल्या वस्तीकडे जाते हे तुला मी सांगायला नको. ऑक्टोबर २०२४मध्ये सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं. तो निकाल संपूर्ण वाच, दोन आठवडे लागले तरी चालतील. त्यात तुरुंगांच्या नियमावल्यांमधले उतारे आहेत, गुन्हेगार जमातींचा इतिहास आहे. लोंब्रोझोला खोडलं की नाही याचं उत्तर त्यात शोध.

परदेशी साधनांबद्दल थोडक्यात, कारण तुझ्यासाठी ती दुसऱ्या वर्षाची गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने विद्यापीठांसाठी अभ्यासघटक तयार केलेत, फुकट आहेत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या 'ओपनलर्न'वर छोटे कोर्स आहेत. अमेरिकी पाठ्यपुस्तकं मात्र जपून. त्यांत ज्यूरी आहे, निवडून येणारा शेरीफ आहे, निवडून येणारे सरकारी वकीलसुद्धा. वाचणारा नकळत तेच आपल्याकडे आहे असं धरून चालतो, मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत विट्याच्या कोर्टात ज्यूरी बसवलेली पाहिली आहे. गंमत म्हणून लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचं संकेतस्थळ उघड : १६७४ ते १९१३पर्यंतचे सुमारे दोन लाख खटले, शोधता येतील असे. रुमाल चोरला म्हणून काय शिक्षा व्हायची ते बघ.

आणि कॅम्पबेल कोलॅबोरेशनचे आढावे. एखाद्या उपायावर जगात झालेले सगळे चांगले प्रयोग एकत्र तपासून उपयोग होतो का ते तिथे सांगतात. एकच वाचायचा असेल तर 'घाबरवून सुधारणे' या अमेरिकी कार्यक्रमांवरचा. वाट चुकणाऱ्या पोरांना तुरुंग दाखवायला न्यायचं, कैद्यांनी त्यांना दम द्यायचा. नऊ प्रयोग तपासले. नेलेली पोरं न नेलेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे करताना आढळली. आपल्याकडे शाळेची सहल पोलीस ठाण्यात नेऊन लॉकअप दाखवणाऱ्या गुरुजींना मी हे सांगून पाहिलंय. कोणी ऐकत नाही.

शिकून पुढे काय, हा तुझा खरा प्रश्न. प्रामाणिकपणे : 'क्रिमिनॉलॉजिस्ट पाहिजे' अशी जाहिरात पेपरात येत नाही. नोकऱ्या दुसऱ्या नावांनी असतात. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृह, तुरुंगात काम करणाऱ्या संस्था, महिलांसाठीचे विशेष कक्ष. हे कक्ष १९८४ला मुंबई पोलिसांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केले. बहुतेक ठिकाणी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. म्हणून पैसे खर्च करायचेच तर तिथे कर. देवनारच्या त्याच संस्थेत गुन्हा आणि न्याय या विषयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे, प्रवेश परीक्षा देऊन जायचं. तिथल्या 'प्रयास' या प्रकल्पाने १९९०पासून तुरुंगांत काम केलंय, त्यांचं लिखाण आत्तापासून वाच. घर सोडणं जमणार नसेल तर इग्नूचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. चालू सत्रात प्रवेश आहे का, शुल्क किती, ते इग्नूच्याच संकेतस्थळावर बघ, दलालाकडून नको. शिकवायची हौस असेल तर नेट परीक्षेला क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे. आणि कोणी ऑनलाइन एलएल.बी. विकायला आलं तर फोन ठेव, तशी पदवी बार कौन्सिल मानत नाही.

तोवर एक फुकटचं काम. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे पॅरा-लीगल व्हॉलंटियर, म्हणजे कायदेशीर मदतीचे स्वयंसेवक, घेतात, प्रशिक्षण ते देतात. फॉर्म भरण्यात तुझा हातखंडा आहेच.

मोबाइलवर वाचणं जड जाईल. निकाल आणि अहवाल केंद्रातल्या संगणकावर उतरवून घे, महत्त्वाची दहा-दहा पानं छापून घे, मालकाला कागदाचे पैसे दे. इंग्रजी रोज एकच पान, पण अर्थ मराठीत वहीत लिहून.

त्या मॅडमचा परत फोन येईल, आज रात्रीपर्यंत पाच हजार सूट आहे म्हणतील. त्यांना एवढंच विचार की विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी मान्यता दिलेल्या संस्थांची यादी आहे, तिच्यात तुमचं नाव कितव्या क्रमांकावर आहे. बहुधा फोन कट होईल.

शेवटचं, हे ऑनलाइन नाही. तुझ्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात तिथे खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला, कैदी भिंतीशिवाय शेती करत राहिले. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची गोष्ट त्याच प्रयोगावरून सुचलेली, आणि ती लिहिणारे गदिमा त्याच भागातले. ती वसाहत आजही तुरुंग विभागाच्या ताब्यात आहे. आत जायला परवानगी लागते. अर्ज अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर कर, 'अभ्यासासाठी' असं लिही, वहीची दोन पानं नमुन्यादाखल जोड. उत्तर आलं नाही तर महिन्याने स्मरणपत्र पाठव. तेही नाही आलं तर मला कळव, मी ओळखीच्या एकांशी बोलते.